सही न करणारी वस्ती

२१ जुलै, सोमवार

मुलानं पुण्याहून ही वही पाठवली. म्हणतो, बाबा, मनात येईल ते यात लिहा आणि आईचं डोकं खाणं कमी करा. बघू.

आज वस्तीत नवीनच प्रकार झाला. ग्रामपंचायतीच्या नव्या मॅडम, नाजिश शेख, कारंज्याच्या, स्कूटीवर आल्या आणि घरोघरी फिरल्या. त्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं असतं म्हणे. आमच्या तोंडी ग्रामसेविकाच बसलेलं आहे. हातात रजिस्टर नव्हतं, फॉर्म नव्हता. नुसतं विचारत होत्या की गावात काय व्हायला पाहिजे.

छत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. उगीच चौकशी करणारा माणूस मला तिथं भेटला नाही. सात वर्षांचं पोरगं मांडीवर घेऊन बसलेली बाई आधी माझ्या तब्येतीची विचारपूस करायची, मग पोरगं चारचं आहे म्हणून सांगायची. या मॅडमनी तर बुद्धविहाराच्या पायरीशी कोणी न सांगता चपला काढल्या. शिकवून पाठवलेलं दिसतं.

लिलाशी पाऊण तास बोलत बसल्या. लिला, माझी बायको, बावीस वर्षं वस्तीच्या अंगणवाडीत मदतनीस आहे. अंगणवाडी म्हणजे आमच्या घराला लागून असलेली पत्र्याची खोली. तेवीस लेकरं. पाऊस आला की पत्रा नेमका खिचडीच्या पातेल्यावर गळतो. आता नवी इमारत मंजूर झाली आहे, फक्त जागा ठरायची आहे. एक जागा विहाराच्या बाजूची, वस्तीतलीच. दुसरी मानोरा रस्त्याच्या पलीकडे, सरपंच दौलतसिंगच्या वावराला लागून. त्या रस्त्यावर दिवसभर ट्रक धावतात आणि लिलाचा गुडघा दहा वर्षांपासून धरलेला आहे. मॅडम म्हणाल्या, पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत ठरेल, सगळे या. लिला तेव्हापासून खुशीत आहे.

इमारत विहाराजवळच व्हायला पाहिजे, यात मला शंका नाही. शंका विचारायला येणाऱ्यांची आहे.

२७ जुलै, रविवार

आमच्या गावात ग्रामसभा कशी होते ते लिहून ठेवतो. शिपाई रजिस्टर काखेत मारून दारात येतो. काका, एक सही. आपण हात पुसून सही करतो, तो पुढच्या घरी जातो. झाली ग्रामसभा. काय ठरलं ते सह्या जमल्यावर वरच्या कोऱ्या जागेत लिहितात.

२०११ साली घरकुलाच्या यादीसाठी म्हणून अशीच सही घेतली. मी केली, आणि माझी पाहून वस्तीतल्या साठ जणांनी केली. वर्षभरानं कळलं की वर लिहिलं होतं, वस्तीची खालची मोकळी जागा गोदामाला द्यायला आमची हरकत नाही. आज तिथं गोदाम उभं आहे. ते दौलतसिंगच्या मेव्हण्याचं आहे, पण त्यात दौलतसिंगचा काय दोष? तो तेव्हा सरपंचही नव्हता. उलट घरी येऊन म्हणाला होता की इंद्रभानभाऊ, मलेबी लय वाईट वाटलं. असं येऊन म्हणणारा तो एकटाच.

त्या दिवसापासून मी ठरवलं की वरचं वाचल्याशिवाय खाली सही नाही. वस्तीलाही तेच शिकवलं. कोणी ऐकत नव्हतं तेव्हा पाढ्यासारखं घोकून घेतलं. माझ्या आयुष्यात कोणाचं काही भलं केलं असेल तर ते हेच.

३ ऑगस्ट, रविवार

विहारात आमच्या वस्तीची, म्हणजे वॉर्ड तीनची, वॉर्डसभा झाली. ही माझ्या आठवणीत पहिलीच. मॅडमना खुर्ची दिली तर त्या खाली सतरंजीवर बसल्या. जो जे बोलला ते लिहून घेतलं आणि शेवटी मोठ्यानं वाचून दाखवलं. संघदीपच्या आईनं नालीबद्दल एकच गोष्ट तीनदा सांगितली, तीही तीनदा लिहिली. अंगणवाडी विहाराजवळच पाहिजे असं सगळ्यांनी सांगितलं. मग त्यांनी मोबाईलवर फोटो काढला. कशासाठी, असं मी विचारलं. वर अपलोड करावा लागतो म्हणाल्या. म्हणजे सहीच्या ऐवजी आता थोबाडं घेऊन राहिले.

पण खरी गोम पुढं निघाली. त्या म्हणाल्या, इथलं फक्त शिफारस म्हणून धरतात, निर्णय ग्रामसभेचा. ग्रामसभेला शंभर मतदार लागतात आणि त्यांच्या सह्या आत येतानाच घ्याव्या लागतात.

मी उभा राहिलो. म्हटलं, आधी सभा, मग सही.

"काका, शंभर मोजल्याशिवाय सभा सुरूच करता येत नाही मला. ती फक्त हजेरी आहे. ठराव तुमच्यासमोर लिहीन, वाचून दाखवीन."

इलेक्ट्रिकची कामं करणारा आमचा संघदीप मागून म्हणाला, "काका, तुमी तिकीट अगोदर फाडत होते का गाव आल्यावर?"

सगळे हसले. बायकाही हसल्या, लिला तोंडाला पदर लावून हसली. मी संघदीपला एवढंच म्हटलं की तिकिटावर गावाचं नाव छापलेलं असतं. मग कोणी हसलं नाही.

६ ऑगस्ट, बुधवार

दौलतसिंगनं चौकातल्या हॉटेलात हाक मारून चहा पाजला. मी वॉर्डसभेचं सांगितलं. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, मॅडम शिकलेल्या आहेत, नव्या आहेत, पण नव्या माणसाचं काही सांगता येत नाही. अंगणवाडीसाठी आपली जागा तो फुकट द्यायला तयार आहे, पण गावाची इच्छा नसेल तर त्याचा आग्रह नाही. मग हळूच म्हणाला, "सभेले या, सगळे या. पण सही जपून करजा भाऊ. एकदा हात पोळला हाय तुमचा."

सरपंच असून असं सांगतो. पोटात पाप असतं तर त्यानं मला सही कर म्हटलं असतं.

संध्याकाळी घरोघरी जाऊन सांगितलं. सभेला सगळ्यांनी यायचं, मजुरी बुडाली तरी यायचं. पुढं बसायचं, बोलायचं. ठराव लिहून, वाचून झाल्यावरच सही. त्याआधी पेनाला हात लावायचा नाही. सगळ्यांनी मान डोलावली. इतकी वर्षं घोकून घेतलं त्याचं बरं वाटलं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

आज महिला सभा होती. लिला गेली. बावीस वर्षांत ही बाई चार माणसांसमोर बोललेली नाही, ती आज उभी राहून बोलली. पातेल्यात गळणाऱ्या पत्र्याचं सांगितलं, रस्त्यावरच्या ट्रकांचं सांगितलं. बायकांनी विहाराजवळची जागा एकमतानं धरली. घरी येऊन तिनं तीनदा पहिल्यापासून सांगितलं. मलाही छाती भरून आल्यासारखं झालं, खोटं का लिहू.

मग विचारलं, सही केली का? ती म्हणाली, केली, सगळ्याच बायांनी केली. वर काय लिहिलं होतं? ती म्हणाली, तारीख.

माझा ताबा सुटला. नको ते बोललो. शेवटी तिच्याकडून कबूल करून घेतलं की उद्या माझ्याकडे पाहिल्याशिवाय सही करायची नाही. ती बरं म्हणाली आणि भाकऱ्या टाकायला बसली.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडा झाल्यावर शाळेच्या पटांगणात सभा. एवढी भरलेली सभा गावानं कधी पाहिली नसेल. आमच्या वस्तीतूनच नव्वद माणसं होती, सगळी पुढच्या सतरंज्यांवर. म्हाताऱ्या काठ्या टेकत आल्या होत्या. दारात टेबल, टेबलावर रजिस्टर. गावातले येत होते, सही करून मागं बसत होते. आमचे लोक टेबलाला वळसा घालून आत येत होते.

मॅडमनी तीनदा विनंती केली. मग रजिस्टर उचलून माझ्याजवळ आल्या. पान दाखवलं. वर तारीख आणि उपस्थिती एवढंच. बाकी जागा कोरी.

म्हणाल्या, "काका, वर काहीच लिहिलेलं नाही."

मी म्हटलं, "त्याचीच तर भीती हाय मॅडम."

मॅडम एकेकाचं नाव घेऊन विचारत गेल्या. सगळ्यांची नावं त्यांना पाठ आहेत, हे काही चांगलं लक्षण नाही. लिलापाशी आल्या तेव्हा तिनं पेन हातात घेतलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी नुसतं पाहत राहिलो. तिनं पेन परत दिलं.

दौलतसिंग खुर्चीवर शांत बसून होता. एक शब्द बोलला नाही, कोणावर दबाव टाकला नाही. अर्ध्या तासानं घड्याळ पाहून म्हणाला की त्रेसष्टच सह्या आहेत, गणपूर्ती नाही, सभा तहकूब. मॅडम म्हणाल्या, माणसं तर समोर बसलेली आहेत. तो म्हणाला, मॅडम, कायद्याले कागद दिसते, माणसं नाही दिसत. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. डाव फसला की येतंच.

परत येताना वस्तीतली पोरं घोषणा देत होती. चौदा वर्षांनी छातीवरचा दगड उतरला. मी आज फार दिवसांनी पोटभर जेवलो. लिला जेवली नाही, उपास असेल.

१७ ऑगस्ट, रविवार

लिला आसेगावला बहिणीकडे गेली आहे, मंगळवारी येईल. दुपारी मॅडम आल्या. सुट्टीच्या दिवशी, हे लक्षात ठेवण्यासारखं. हातात नोटीस. तहकूब सभा गुरुवारी, एकवीस तारखेला, सकाळी अकराला. आणि नोटीस मिळाल्याची सही द्या म्हणे. पुन्हा सही. मी कागदाला हातच लावला नाही.

मग त्या ओट्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "काका, सही नका करू. फक्त ऐका. तहकूब सभेला शंभर माणसं लागत नाहीत. दहा बसली तरी ठराव होतो. गुरुवारी तुम्ही नाही आलात तर माझ्या हातात काही राहत नाही."

शंभराशिवाय सभा सुरूच होत नाही म्हणणारी हीच बाई. आता म्हणते, दहा जणांतही होते. एका तोंडानं दोन भाव. असा कायदा कोण करेल? मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

जाताना नोटीस विहाराच्या दारावर चिकटवून गेल्या. विहाराच्या दारावर सरकारी कागद बरा दिसत नाही. मी काढला आणि घडी करून या वहीत ठेवला.

संध्याकाळी दौलतसिंगला गाठून विचारलं. तो हसला. म्हणाला, तहकूब सभा म्हणजे नुसतं कागद पुरा करणं, चहापाणी. "निंदणाचे दिवस हायेत, लोकायची मजुरी कायले पाडता?" हे पटलं. वस्तीत कोणाला काही बोललो नाही. लिलालाही सांगणार नाही, उगीच तिच्या जिवाला घोर.

२१ ऑगस्ट, गुरुवार

विशेष काही नाही. वस्तीतले सगळे वावरात तण निंदायला. उद्या पोळा, दुकानांत गर्दी. पंचायतीपुढे आठ-दहा मोटरसायकली लागलेल्या दिसल्या. चहापाणी चाललं असेल.

२६ ऑगस्ट, मंगळवार

संघदीपनं मोबाईलवर ठरावाचा फोटो आणून दाखवला. अंगणवाडीसाठी दौलतसिंगनं दिलेली जागा मंजूर. इमारत होईपर्यंत अंगणवाडी त्याच्याच गाळ्यात भरेल, रस्त्यापलीकडे. अकरा सह्या. एक सूचक, एक अनुमोदक, सर्वानुमते.

खाली मॅडमनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: वॉर्ड तीनची शिफारस व महिला सभेचा ठराव विहाराजवळील जागेचा होता, सभेत वाचून दाखवला, वॉर्ड तीनमधून कोणी उपस्थित नव्हते, नोटीस घेण्यास श्री. इंद्रभान यांनी नकार दिला.

आयुष्यात पहिल्यांदा सही न करता माझं नाव कागदावर गेलं.

संघदीपनं विचारलं, "काका, नोटीस आली होती? तुमी कोणाले सांगितलं काहून नाही?"

मी म्हटलं, त्या बाईवर विश्वास ठेवण्यासारखं काही नव्हतं. तो मोबाईल खिशात टाकून निघून गेला. लिला चुलीपाशी होती, तिनं सगळं ऐकलं. मला वाटलं, आता बोलेल. ती बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं पातेली घासायला घेतली, ती सकाळीच घासलेली होती.

नोटीस या पानामागंच आहे. काढून तीनदा वाचली. गणपूर्तीची आवश्यकता नाही, असं त्यात छापलेलंच आहे. चौथ्या ओळीत. वरचं वाचल्याशिवाय सही नाही, असं साऱ्या वस्तीला शिकवणाऱ्या माणसानं वाचलं नव्हतं. मला माझीच लाज वाटते.

पण मॅडमनी तेव्हा जोर देऊन का सांगितलं नाही? सांगितलं म्हणा. तरी.

१५ सप्टेंबर, सोमवार

अंगणवाडी गाळ्यात गेली. तेवीसपैकी नऊ लेकरं आली. बाकीच्यांच्या आया म्हणतात, आमी वावरात, रस्ता कोण पार करून देईल? लिला सकाळी नऊ जणांना हाताला हात धरायला लावते आणि रस्त्याच्या कडेला उभी राहते. आज मी लांबून पाहत होतो. ती एका हातानं ट्रकांना थांबायची खूण करत होती. एक थांबला, दोन थांबले नाहीत. मग ती गुडघा ओढत निघाली आणि मधोमध तिला थांबावं लागलं. मी गेलो असतो, पण तिनं मला बोलावलेलं नाही.

गाळ्याच्या पलीकडे वावरात चुन्याच्या रेघा आखल्या आहेत आणि फलक लागला आहे: निवासी प्लॉट विक्रीस, अंगणवाडी हाकेच्या अंतरावर. खाली दौलतसिंगच्या मेव्हण्याचा मोबाईल नंबर. हा योगायोग असू शकतो. योगायोगावर माझा आजवर कधी विश्वास बसलेला नाही, पण ज्या माणसानं मला सही जपून कर म्हटलं त्याच्यावर बोट ठेवायचं तर आधी माझ्यावरच ठेवावं लागतं. ते आज जमत नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

आज पंचायतीत गेलो. दौलतसिंग बाहेर मोटरसायकलवर बसला होता. या भाऊ, चहा घ्या, म्हणाला. मी घेतला नाही. तो त्याच आवाजात हसला.

आत मॅडमना विचारलं, आता काय करता येईल? त्या एक शब्दही टोचून बोलल्या नाहीत. मला त्याचंच जास्त लागलं. म्हणाल्या, मानोऱ्याला पंचायत समितीत अर्ज द्या. लेकरांच्या जिवाला धोका आहे, वॉर्डाची मागणी वेगळी होती, फेरविचार करावा. बांधकाम सुरू व्हायच्या आत द्या. अर्जावर वस्तीतल्या लोकांच्या सह्या पाहिजेत, जितक्या जास्त तितकं बरं. मग स्वतः बसून अर्ज लिहून दिला आणि दोनदा वाचून दाखवला. सभेच्या दिवशी आपण पटांगणात बसलो होतो, हेही त्यात लिहिलं.

ही बाई आपल्यासाठी एवढं का करते, हा प्रश्न पंचायतीच्या पायऱ्या उतरेपर्यंत डोक्यात होता. कदाचित ते तिचं कामच असेल.

२४ सप्टेंबर, बुधवार

दोन दिवस अर्ज घेऊन वस्तीत फिरलो. शिपायासारखा, दारोदार.

पहिल्या घरी चहा दिला. अर्ज वाचून दाखवला, त्यांनी मान डोलावली. पेन पुढं केलं तर म्हणाले, सहीचं पाहू नंतर. दुसऱ्या घरी म्हणाले, पोरगा वावरातून आला की विचारतो. तिसऱ्या घरी दारच लोटून घेतलं. संघदीपच्या आईनं अर्ज हातात घेतला, उलटा-सुलटा पाहिला आणि वरची बोटभर कोरी जागा दाखवली. म्हणाली, "इथं मागून काय लिहिसान, कोणाले माहीत?" मी म्हटलं, मावशी, मी इंद्रभान आहे. ती म्हणाली, "तुमीच शिकवलं ना बापा, कोणाचं ऐकाचं नाही म्हणून."

संघदीप ओट्यावर बसून होता. म्हणाला, काका, मी तोंडी येऊन सांगतो कुठंबी, सही नका मांगू. कोणी माझ्यावर चिडलं नाही. चिडले असते तर समजूत घातली असती. सगळे मला सांभाळून बोलत होते, जसं मी मॅडमशी बोलत नव्हतो. नव्वद माणसं माझ्या एका शब्दावर पटांगणात येऊन बसली होती. आज त्यातल्या एकाचाही हात पेनापर्यंत आणता आला नाही.

घरी आलो तेव्हा लिला पायाला तेल चोळत होती. अर्ज तिच्यापुढं ठेवला आणि म्हटलं, वाचून दाखवतो, मग ठरव. तिनं तेलाचा हात लुगड्याला पुसला आणि पेन मागितलं. मी वाचायला लागलो तर म्हणाली, "राहू द्या. वाचाचं काय हाय त्याच्यात? लेकरं रस्ता पार करून राह्यले."

तिला सही करायला वेळ लागतो, एकेक अक्षर वेगळं काढते. मी शेजारी नुसता उभा राहिलो. तिची झाल्यावर खाली माझी केली.

उद्या साडेआठच्या गाडीनं मानोऱ्याला जातो. अर्जावर दोन सह्या आहेत.